बाहेर पडण्याच्या वाटेचे फलक नेमके कुठे लावावेत?

जुळेसोलापूर (धागा सुरू करणार)

नमस्कार. मागच्या महिन्यात आमच्या घरचे लग्न शहरातील एका मंगल कार्यालयात झाले. भोजनगृह पहिल्या मजल्यावर होते आणि रात्रीच्या पंगती चालू असताना वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत फार तर दीड मिनिट गेले असेल. पण त्याच वेळी स्वयंपाकाच्या बाजूने करपलेल्या तेलाचा धूर आत आला आणि कोणीतरी ‘आग’ म्हणून ओरडले. प्रत्यक्षात आग नव्हती आणि कोणाला इजाही झाली नाही. मात्र तेवढ्या वेळात अडीच-तीनशे माणसे एकाच जिन्याकडे वळली, कारण सगळी त्याच जिन्याने वर आली होती. माझ्या हाताला धरून ऐंशीच्या घरातल्या सासूबाई होत्या. त्या गर्दीत त्यांना नेणे शक्य नव्हते, म्हणून मी दुसरी वाट शोधत होते आणि मला ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी रुखवताचे सामान आणायला गेले, तेव्हा समजले की हात धुण्याच्या जागेपलीकडे दुसरा जिना आहे. त्याच्या दारावर फलकसुद्धा आहे, परंतु मंडपवाल्यांनी छतापासून सोडलेल्या झालरीमागे तो झाकला गेला होता. झालर बाजूला करून पाहिले, तर तांबड्या रंगातील इंग्रजी अक्षरांची ती एक पाटी होती आणि तिच्यात दिवा नव्हता.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ रोजी पहाटे टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण गेले. त्यानंतर आगीचा विषय सोलापुरातल्या कोणत्याही घरात परका राहिलेला नाही. म्हणून जाणकारांना मनापासून विचारते : असे फलक किती उंचीवर, किती अंतरावर आणि कोणत्या भाषेत असावेत? दारावर एक पाटी लावली की काम झाले, असे मानणे बरोबर आहे का?

पाणीवेस

ताई, मी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फलकाची जागा ठरवण्याआधी धूर कसा वागतो ते लक्षात घ्यावे लागते. आगीतून निघालेला धूर गरम असल्यामुळे सरळ वर जातो, छताला भिडतो, तेथे आडवा पसरतो आणि मग त्याचा थर वरून खाली उतरू लागतो. पडदे, गाद्या, फोम, थर्माकोल असे काही पेटले असेल, तर बंदिस्त दालनात हा थर माणसाच्या डोक्यापर्यंत यायला काही मिनिटेच लागतात. याचा अर्थ असा की छतालगत लावलेला फलक सर्वांत आधी धुरात बुडतो. आम्ही शाळाशाळांतून मुलांना शिकवत आलो की धुरात उभे राहू नका, खाली वाका, रांगत जा. आणि वाट दाखवणारी पाटी मात्र आपण आठ फुटांवर ठोकतो. रांगणाऱ्या माणसाला ती कशी दिसणार?

म्हणून बऱ्याच देशांत वरच्या फलकाला खालच्या फलकाची जोड देण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील एनएफपीए १०१ या संहितेनुसार जेथे असे खालचे फलक लावायचे असतात, तेथे त्यांची खालची कड जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवली जाते. दाराच्या चौकटीच्या बाजूला भिंतीवर असा एक फलक आणि त्या दिशेने भिंतीच्या तळाशी जाणारी चमकती पट्टी, एवढे असले तरी रांगणाऱ्या माणसाला आधार मिळतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या सवयीची आहे. घाबरलेला माणूस जवळचे दार शोधत नाही, तर ओळखीचे दार शोधतो, आणि ओळखीचे दार म्हणजे ज्यातून तो आत आला ते. आपल्या लग्नात नेमके हेच झाले. फलकाचे खरे काम ही सवय मोडण्याचे आहे. त्यासाठी तो दारावर असून भागत नाही. माणूस जेथे थांबून ‘आता कोणीकडे?’ असा विचार करतो, त्या प्रत्येक वळणावर, बोळाच्या प्रत्येक फाट्यावर आणि जिन्याच्या तोंडाशी तो हवा. कसोटी अशी ठेवावी की दालनात कुठेही उभे राहिले तरी एक फलक दिसला पाहिजे, त्याच्यापाशी गेल्यावर पुढचा दिसला पाहिजे, आणि ही साखळी मोकळ्या रस्त्यापर्यंत कुठेही तुटता कामा नये.

आपण झालरीबद्दल लिहिले, ते वाचून मला एक जुनी दुर्घटना आठवली. बॉस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागली आणि ४९२ माणसे गेली. लोक ज्या फिरत्या दारातून आत आले होते, तेथेच ढीग पडून ते दार अडकले. बाकीच्या दारांपैकी काहींना कुलपे होती आणि काही सजावटीच्या पडद्यांआड होती.

बाळीवेस

काका, एक शंका आहे. वरचा फलक धुरात सर्वांत आधी झाकला जात असेल, तर तो लावायचाच कशाला? सगळे फलक खालीच लावावेत, म्हणजे खर्चही एकदाच होईल.

पाणीवेस

तसे करू नये. तीनशे माणसांच्या दालनात गुडघ्याच्या उंचीवरचा फलक पहिल्या रांगेतल्या साड्या आणि धोतरांच्या मागे लगेच दडतो. लांबून तो कोणालाच दिसत नाही. धूर अजून खाली उतरलेला नाही, लोक उभे आहेत आणि गर्दी हलू लागली आहे, अशा सुरुवातीच्या काळात डोक्यांवरून दिसणारा वरचा फलकच उपयोगी पडतो. तो काळ संपला की खालच्याची पाळी येते. म्हणून दोन्ही लागतात, आणि पैसे खरोखरच कमी असतील तर आधी वरचा, आतून उजळणारा फलक घ्यावा, पण तो छताला न चिकटवता दाराच्या चौकटीच्या लगेच वर बसवावा. छत उंच असेल तर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आकाराबद्दल लिहायचे राहिले. युरोपातील ईएन १८३८ या मानकातला हिशेब सोपा आहे : फलक आतून उजळत असेल तर त्याच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून तो वाचता येतो असे धरतात, आणि बाहेरच्या दिव्याच्या उजेडावर अवलंबून असेल तर १०० पट. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीचा दिव्याचा फलक ३० मीटरपर्यंत चालतो, तेवढ्याच उंचीची साधी पाटी मात्र १५ मीटरपर्यंतच. आपल्या भोजनगृहाची लांबी पावलांनी मोजून पाहावी. धुरात हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. जपानमध्ये तादाहिसा जिन यांनी धुरातील दृश्यमानतेवर जे प्रयोग केले, त्यांतून असे दिसले की स्वतः प्रकाश देणारा फलक नुसत्या परावर्तित उजेडावर दिसणाऱ्या फलकापेक्षा सुमारे अडीचपट अंतरावरून ओळखू येतो.

पूर्वभाग

मी टॉवेलच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. कारखान्याचे नाव लिहीत नाही. भाषेचा प्रश्न ताईंनी विचारला आहे, त्याविषयी मला अनुभवाने काही सांगता येईल.

आमच्या पाळीत तेलुगू बोलणारे जुने विणकर आहेत, अक्कलकोट आणि इंडीकडचे कन्नड बोलणारे आहेत, उर्दू आणि मराठी बोलणारे आहेत, आणि अलीकडे उत्तरेकडून आलेली हिंदी भाषक मुले आहेत. यांतील काहींना कोणतीच लिपी नीट वाचता येत नाही. अशा ठिकाणी इंग्रजी अक्षरांची पाटी म्हणजे भिंतीवरचे एक चित्र, आणि तेही कशाचे ते न कळणारे. चार लिप्यांत पाटी लिहिली तर अक्षरे इतकी बारीक होतात की दहा पावलांवरूनही लागत नाहीत. त्यामुळे दारातून धावत बाहेर पडणाऱ्या माणसाचे हिरवे चित्र हेच आमच्यासाठी योग्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. चित्राशेजारी मराठीत ‘बाहेर’ एवढा एक शब्द मोठ्या अक्षरांत असला तर तो असावा, पण भार चित्रावरच असावा.

हे चित्र आले कुठून, याची मला उत्सुकता होती. जपानमध्ये १९७२ साली ओसाकातील सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या आगीत ११८ माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी कुमामोतोमधील ताइयो या दुकानाच्या आगीत शंभरावर. त्यानंतर तेथे वाटेच्या फलकांचा नव्याने विचार झाला आणि युकिओ ओता यांचे धावत्या माणसाचे चित्र पुढे आले. १९८० च्या दशकात ते आंतरराष्ट्रीय मानकात घेतले गेले. आज आयएसओ ७०१० मध्ये जी हिरवी खूण आहे ती हीच. हिरवा रंग सुरक्षित वाटेचा आणि तांबडा रंग अग्निशामक नळकांडे, नळ, धोक्याची घंटा यांचा, अशी त्यात सरळ वाटणी आहे. त्यामुळे ताईंनी पाहिलेली तांबडी पाटी मला चुकीची वाटते. तांबडे पाहून आमचा कामगार तेथे नळकांडे शोधेल.

कारखान्याच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे कापसाचा तंतू. यंत्रमागांच्या शेडमध्ये तो हवेत सतत तरंगत असतो आणि फलकाच्या काचेवर महिनाभरात असा बसतो की आतला दिवा मंद होतो. आमच्याकडे मागांची सफाई दर आठवड्याला होते, पण फलक पुसायचे कोणाच्याही कामात लिहिलेले नव्हते; आता ते सफाईच्या यादीत घातले आहे. दुसरी अडचण आवाजाची. माग चालू असताना घंटा ऐकू येत नाही, म्हणून वाटेच्या फलकाजवळच लुकलुकणारा दिवा लावून घेतला आहे.

तिसरी अडचण लिहायला मला जड जाते, पण लिहितो. मागच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप असे, कारण सुताच्या कोनांची चोरी होण्याची भीती. त्या दारावर फलक होता. म्हणजे फलक माणसाला ज्या दाराकडे नेत होता, ते उघडणारच नव्हते. मे महिन्यातील त्या घटनेनंतर आम्ही मालकांशी बोललो आणि आतून छातीने ढकलले की उघडणारी आडवी दांडी त्या दाराला बसवली. बाहेरून ते उघडत नाही, त्यामुळे चोरीची भीतीही राहिली नाही. एवढे साधे काम इतकी वर्षे झाले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

डफरिनचौक

मी वास्तुविशारद आहे. वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. जागेबाबत थोडी भर घालतो.

फलक दाराच्या फळीवर कधीही लावू नये. लग्नसमारंभात दारे उघडी ठेवून भिंतीकडे वळवलेली असतात आणि फळीवरची पाटी भिंतीशी तोंड करून बसते. तो चौकटीच्या वर किंवा शेजारी असावा. लांब बोळात भिंतीला सपाट लावलेला फलक चालणाऱ्या माणसाला कडेनेच दिसतो, म्हणून तेथे भिंतीतून काटकोनात बाहेर आलेला किंवा छतापासून टांगलेला, दोन्ही बाजूंनी दिसणारा फलक लागतो.

बाणांबद्दल पुष्कळ घोळ असतो. वर जाणारा बाण ‘सरळ पुढे जा’ या अर्थाने वापरतात, पण जिन्याजवळ तोच बाण ‘वरच्या मजल्यावर जा’ असा वाचला जाऊ शकतो. काही ठिकाणी दारावर खाली जाणारा बाण ‘या दारातून’ म्हणून लावतात, तर काही ठिकाणी तोच ‘जिना उतरा’ म्हणून. एका इमारतीत एकच पद्धत ठेवावी, आणि जिन्याजवळच्या फलकावर बाणासोबत पायऱ्यांचे चित्रही असावे.

ज्या दारांतून बाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडेही तेवढेच लक्ष द्यायला हवे. साठवणीची खोली, स्वच्छतागृह, कुलूपबंद गच्चीचा दरवाजा अशा, बाहेर जाण्याची वाट असावी असे भासणाऱ्या दारांवर ‘येथून बाहेर पडता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे. जिना तळघरापर्यंत उतरत असेल, तर धुरात धावणारी माणसे तळमजला ओलांडून खाली तळघरात जातात. म्हणून तळमजल्याच्या वळणावर सर्वांत ठळक फलक हवा, आणि शक्य असेल तर तळघराच्या पायऱ्यांना आडवे फाटक.

नियमांबद्दल सांगायचे तर राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या चौथ्या भागात बाहेर पडण्याच्या मार्गांची तरतूद आहे. बहुतेक प्रकारच्या इमारतींत कोणत्याही जागेपासून सुरक्षित जिन्यापर्यंत किंवा दारापर्यंत चालण्याचे अंतर ३० मीटरपेक्षा आणि औद्योगिक इमारतींत ४५ मीटरपेक्षा जास्त नसावे, असे त्यात सामान्यतः धरले आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे आणि त्यानुसार ही व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना ‘ब’, म्हणजे सगळे ज्याला ‘बी फॉर्म’ म्हणतात तो, सादर करायचा असतो. कार्यालय ठरवताना हा कागद दाखवा, असे आपण निःसंकोच म्हणावे. हॉलचे भाडे, पार्किंग आणि वातानुकूलन विचारतो, तसेच हेही विचारावे.

कन्नाचौक

मी विजेची कामे करतो. दिव्याचा फलक घेतला आणि साध्या पंख्याच्या सर्किटवर जोडला, तर ताईंच्या प्रसंगात तो इतर दिव्यांबरोबरच विझला असता. फलकात स्वतःची बॅटरी हवी, किंवा फलकांचे सर्किट वेगळे काढून त्याला बॅटरीचा आधार द्यायला हवा. वीज गेल्यावर तो साधारण दीड तास जळत राहिला पाहिजे. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून अर्धा मिनिट पाहावे आणि वर्षातून एकदा मुख्य पुरवठा बंद करून तो पूर्ण दीड तास टिकतो की नाही ते तपासावे. माझ्या अनुभवात तीन-चार वर्षांनी बॅटरी बसलेली असते, बाहेरचा हिरवा दिवा मात्र चालू वीज असेपर्यंत छान दिसतो, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांविषयी एक सावधगिरी सांगतो. न्यूयॉर्क शहराने २००४ च्या कायद्याने उंच कार्यालयीन इमारतींच्या जिन्यांत अशा पट्ट्या बंधनकारक केल्या आणि त्या उत्तम उपयोगी पडतात. परंतु या पट्ट्या आधी उजेड शोषून घेतात आणि मग तो परत देतात. मंगल कार्यालय दोन मुहूर्तांच्या मधे कितीतरी दिवस बंद असते आणि मागचा जिना तर लग्नाच्या दिवशीही अंधारातच असतो. त्या जिन्यात पट्टी लावली आणि दिवा लावला नाही, तर गरजेच्या वेळी ती चमकणार नाही. समारंभ सुरू होण्याच्या पुष्कळ आधीपासून त्या जिन्यातील दिवे लावून ठेवले पाहिजेत.

होटगीरोड

मी एक लहान कार्यालय चालवतो, म्हणून आमची बाजू मांडतो. फलक आम्ही लावतो, पण सजावट करणारे बाहेरून येतात, रात्रीत काम करतात आणि सकाळी आम्हाला कळते की फलक फुलांच्या माळांमागे गेला. वधूवरांकडील मंडळीही ‘फोटोत ती हिरवी पाटी येते, झाका’ असे सांगतात. ग्राहकाला नाराज करणे आम्हाला परवडत नाही. यावर काय करावे?

डफरिनचौक

करारातच लिहावे. बाहेर पडण्याच्या प्रत्येक दारासमोर एक मीटर जागा आणि दारापासून छतापर्यंतचा भिंतीचा पट्टा सजावटीसाठी उपलब्ध नाही, असे छापील कलम ठेवावे आणि तो पट्टा जमिनीवर रंगाने आखून द्यावा. रंगाची रेघ दिसली की मंडपवाले तेथे खांब रोवत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पाणीवेस

आणि अक्षता पडण्याआधी, जेथे सूत्रसंचालक ‘मोबाईल शांत ठेवा’ असे सांगतो, तेथेच त्याने दोन वाक्ये अधिक बोलावीत : ‘या दालनाला बाहेर पडण्याची दोन दारे आहेत, एक आपण आलो ते आणि दुसरे माझ्या डाव्या हाताला.’ एकदा कानावर पडले की फलक डोळ्यांना लवकर सापडतो. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. तेथे बाल्कनीतील एका बाजूची वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती आणि अंधारात, धुरात बसलेल्या प्रेक्षकांना दुसरी वाट कळायला काही साधन नव्हते. ते प्रकरण आम्हाला प्रशिक्षणात शिकवले जात असे आणि दर वेळी माझ्या मनात हेच येई की कोणी दारे दाखवली असती तर.

जुळेसोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी त्या कार्यालयाच्या व्यवस्थापकांना वाचायला दिला. त्यांनी आढेवेढे न घेता एका रिकाम्या दिवशी बोलावले, म्हणून काल संध्याकाळी मी, माझे यजमान आणि सासूबाई तेथे जाऊन आलो. खिडक्यांचे पडदे ओढून आणि सगळे दिवे बंद करून आम्ही भोजनगृहाच्या टोकापासून दुसऱ्या जिन्यापर्यंत चालत गेलो. पावलांनी मोजले तर अंतर २६ मीटर भरले, म्हणजे तेथली साधी पाटी पुरेशी नव्हती. हात धुण्याच्या जागेपाशी वळण आहे आणि तेथे काहीच नव्हते. जिन्याच्या दाराला वरून कडी होती आणि ती माझ्या उंचीच्या बाईला टाचा उंचावल्याशिवाय पोहोचत नव्हती.

कडी त्यांनी आमच्यासमोरच काढून टाकली. बॅटरीचे दोन हिरवे फलक, एक दारावर आणि एक वळणावर काटकोनात, तसेच दाराशेजारी खाली एक, असे काम त्यांनी विजेच्या माणसाला सांगितले आहे आणि मागच्या जिन्यात दिवा जोडायचेही ठरले आहे.

निघताना सासूबाई म्हणाल्या, ‘मी त्या दिवशी जेथे बसले होते तेथे बसून बघते.’ त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना दारावरची जागा दिसेना, कारण मधे वातानुकूलनाचा पाइप आडवा आला होता. उभ्या असलेल्या आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. दारावरचा फलक आता दीड फूट डावीकडे बसणार आहे.